सफेद्याखाली

भुकेच्या वर्षांनंतरचा तिसरा हिवाळा.
घसरगाडीवर गुंडाळलेला कॅनव्हास घेऊन
ओतिल्या ग्रोंदाल आली, तुर्कूहून.
बरोबर दोन मुलं, आणि मेलेल्या नवऱ्याचा ओव्हरकोट
तिच्याच अंगात, बाह्या दुमडलेल्या.

आमच्या चर्चला वेदीवर चित्र हवं होतं.
शहरातला चितारी हजार मार्क मागत होता,
ही सहाशेत तयार झाली.
बाईमाणसानं येशू काढायचा? असं घंटावाला म्हणाला,
मग बोटांवर हिशेब केला
आणि गप्प बसला.

दिवस चार तासांचा.
दहाला उजाडायचं, आणि ब्रश धुवून होईतो
खाडीवर पुन्हा काळोख.
दिव्यात निळ्याला हात लावायचा नाही, ती सांगायची,
रात्री निळा खोटं बोलतो.
तिचं फिनिश मोडकं, माझं स्वीडिश नाहीच;
मी नऊ वर्षांची, रंग घोटायला ठेवलेली,
रोजचा एक पाव, खरा, राईचा.
झाडाची साल न मिसळलेला.

येशू कुणी पाहिला होता?
ती दिसेल त्याच्याकडून उसना घ्यायची.
दाढी होडीवाल्या एस्कोची.
पावलं तिच्या थोरल्याची, बर्फानं टाचा फुटलेली.
बरगड्यांना कुणाला बसवावं लागलं नाही,
त्या साली सगळ्यांच्याच दिसत होत्या.

हात माझ्या आईचे.

वप्पू, पाद्रीबुवांच्या घरच्या चादरी
खाडीतल्या बर्फाला भोक पाडून त्यात खळबळणारी.
बीट उकडल्यासारखे हात,
उजवी करंगळी धोपटण्यानं वाकडी झालेली.
बसायचं आहे कळल्यावर लाजून तिनं ते
वाळूनं घासले. अजूनच लाल झाले.
दिवसाउजेडी खुर्चीवर बसलेली आई
मी तेव्हाच पाहिली.
तळवे वर, मांडीवर,
जणू कुणी काही देणार आहे
आणि कुठं ठेवायचं ते ठाऊक नाही.

पाद्रीबुवा चित्रासमोर बराच वेळ उभे होते.
प्रभूचे हात, म्हणाले, आणि धोबिणीचे?
गोरे करा.

ती भांडली नाही. भांडेल असं मला वाटलं होतं.
सहाशे मार्क, दोन मुलं.
दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, सफेदा घोट.
मी दगडावर भरपूर घेतला, अळशीचं तेल सोडलं.
कमी, म्हणाली. अजून कमी.
सफेदा महाग, बाई काटकसरी,
असं वाटून मी अर्धा परत डबीत खरवडला.

कोपऱ्यात दोनच अक्षरं घातली तिनं.
बर्फ फुटला तशी पहिल्या होडीनं गेली.
पुढं कानावर आलं, आणखी अकरा वेद्या केल्या,
मुलींना रेखाटन शिकवलं, नजर गेली.
पत्र आलं नाही. आलं असतं तर
आमच्या घरी वाचणार कोण होतं?

आता मी अडुसष्ट.
चर्चच्या किल्ल्या माझ्याकडं, फरशी माझ्याकडं.
यंदा मार्चमध्ये दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत आलं
आणि वेदीपर्यंत चढलं.
मी फडकं पिळत होते.
वसंतात खाडीवरचा बर्फ जसा पातळ होत जातो,
पांढराच असतो, पण खालचं पाणी दिसू लागतं,
तसे प्रभूचे हात.
खालून लाल.
करंगळी वाकडी.

नवा पाद्री तरुण आहे, चष्मा पुसून पुसून बघतो.
ओल लागली असावी, म्हणाला,
हेलसिंकीहून माणूस बोलावू, वरून एक हात मारून देईल.
मी म्हटलं, उन्हानं दिसतं तसं.
दुपारनंतर बघा.

दुपारनंतर तो आला नाही. दुसऱ्या दिवशी आला,
कोपऱ्यातली अक्षरं बोटानं दाखवून म्हणाला,
हा चितारी चांगला होता हो.
तुम्ही ओळखत होता त्याला?

त्याला नाही, म्हटलं,
आणि बादली उचलली.